सगळं धरून

फोर्ट विल्यमचं नाव आता 'विजय दुर्ग' झालं, ही बातमी २०२५च्या फेब्रुवारीत वाचली आणि मी लगेच गावी बाबांना फोन लावला. त्यांना ती आधीच कळली होती. सेंट जॉर्ज गेटचं शिवाजी गेट झालं, किचनर हाउसचं माणेकशॉ हाउस झालं, हेही त्यांनीच मला सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाले, "काय गो, म्हणजे आपण विजयदुर्गातून विजयदुर्गाला जायचो म्हणायचं!"

आमचं गाव देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या तोंडाशी, खऱ्या विजयदुर्गाच्या शेजारी. बाबा सैन्यात हवालदार क्लार्क होते. मी चौथीत असताना त्यांची बदली पूर्व कमांडच्या मुख्यालयात, म्हणजे फोर्ट विल्यममध्ये झाली आणि किल्ल्याच्या आत आम्हाला क्वार्टर मिळालं. हे दोन किल्ले इतिहासातही एकमेकांना बांधलेले आहेत, हे मला फार उशिरा कळलं. १७५६च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग जिंकला. पुढच्या जानेवारीत त्याच दोघांनी सिराजउद्दौलाच्या हातून कोलकाता परत घेतलं. आज दिसतो तो फोर्ट विल्यम त्यानंतरचा. त्याचं काम १७५८ला सुरू झालं आणि १७८१ला संपलं.

लहानपणी मला तो किल्ला वाटायचाच नाही. आमच्या विजयदुर्गासारखा तो छाती काढून उभा नाही. मैदानातून बघितलं तर गवताचे उतारच दिसतात. खंदक जवळ गेल्यावर कळतो. आत मात्र सगळं होतं. शाळा, कॅन्टीन, दवाखाना, खेळायला मैदानं. सेंट पीटर्स चर्चमध्ये वाचनालय होतं. रात्री हुगळीतल्या बोटींचे भोंगे ऐकू यायचे. साबणापासून सतरंजीपर्यंत सगळं कॅन्टीनमधून यायचं. बाहेर जायचं तर फाटकावर पास दाखवायचा. आईला बाजारात घासाघीस करायची सवय; ती म्हणायची, इथे भांडायलासुद्धा कुणी नाही.

वर्षाची रजा साठ दिवसांची. बाबा ती मे महिन्यात घ्यायचे. पांढऱ्या अक्षरांत नाव-नंबर लिहिलेली काळी ट्रंक, होल्डॉल, हावड्याहून गीतांजली एक्स्प्रेस. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती, त्यामुळे मुंबईहून एसटी. वर्गातल्या मुली म्हणायच्या, "तुझं काय बाबा, तू समुद्रावर जाणार!" कोलकात्यात समुद्र म्हणजे दिघा नाहीतर पुरी, आणि तिथे जाणं म्हणजे हावाबदल, आपल्याकडचा हवापालट.

आमच्या हवापालटाचं वेळापत्रक ठरलेलं असे. पहिल्या दिवशी बाबा शिडी लावून घरावर चढत. कौलं परतून होईस्तोवर आठवडा जाई. मग आंबे उतरवायचे, लाकडं फोडायची, पडलेला गडगा रचायचा, जमिनीच्या तंट्यासाठी देवगडच्या कचेरीत खेटे घालायचे. आईला तर रजाही नव्हती. चूल, आमसुलं, फणसाची साटं आणि तीन घरचे पाहुणे. समुद्र अंगणातून दिसायचा. बाबा त्याच्याकडे बघायचे ते पाऊस किती लांब आहे, याचा अंदाज घ्यायला. रजा संपवून काळवंडलेले, दोन-तीन किलो उतरलेले बाबा किल्ल्यात परत आले की क्वार्टरचं कुलूप काढताना म्हणायचे, "चला, आता आराम."

पुढे मी भाषांतराच्या धंद्यात पडले आणि त्या वाक्याचा अर्थ शब्दकोशात सापडला. 'रजा' अरबीतून आली. मुळात तिचा अर्थ संमती, मर्जी. इंग्रजी 'लीव्ह'ही मुळात परवानगीच. 'सुट्टी' मात्र सुटण्यातून येते, बंगालीतली 'छुटी'ही तशीच. रजा कुणीतरी द्यावी लागते आणि ती दिलेल्या तारखेला संपते. बाबांना उभ्या नोकरीत रजा भरपूर मिळाली. सुट्टी एकदाही नाही.

जादवपूरला तौलनिक साहित्याचं एम.ए. करायला मी पुन्हा कोलकात्यात गेले, तेव्हा किल्ल्याच्या फाटकावर मी परकी होते. पास मागायला आत आमचं कुणी उरलं नव्हतं. त्या दिवसांत बीरकुल हे नाव प्रथम वाचलं. फोर्ट विल्यमचं बांधकाम पुरं होत आलं होतं, त्या काळात कोलकात्याचे साहेब हवा खायला दिघ्याजवळच्या या किनाऱ्यावर जात. वॉरन हेस्टिंग्जने त्याला ब्रायटनची उपमा दिली होती. १७८० साली हिकीच्या 'बेंगॉल गॅझेट'मध्ये तिथल्या बड्या पाहुण्यांच्या आणि त्यांच्यासाठी राहण्या-करमणुकीची सोय करण्याच्या बेताच्या बातम्या आहेत. उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर आयता आराम विकण्याची कल्पना इतकी जुनी आहे. ते बीरकुल पुढे समुद्राने गिळलं.

हे सगळं आठवायला निमित्त झालं एका माहितीपत्रकाचं. मालवणच्या बाजूला एक नवं रिसॉर्ट, त्याचा इंग्रजी मजकूर मराठीत करायचा होता. पहिल्याच ओळीत अडले. 'ट्रॉपिकल' म्हणजे उष्णकटिबंधीय. पण असं लिहिलं की सातवीचं भूगोलाचं पुस्तक उघडल्यासारखं वाटतं. जो माणूस त्या कटिबंधातच घाम पुसत राहतो, त्याला तिथे फिरायला या म्हणून कसं सांगायचं? दुसरा शब्द 'ऑल-इन्क्लुझिव्ह'. 'सर्वसमावेशक' लिहिलं तर मंत्र्यांचं भाषण वाटतं. म्हणून या शब्दामागची पद्धत कुठून आली ते शोधलं. १९५० साली जेरार ब्लित्झ या बेल्जियन गृहस्थाने मायोर्का बेटावर अल्कुदियाला 'क्लब मेदितेरानी'ची पहिली वसाहत उभारली. एकदा पैसे भरले की राहणं, जेवण, खेळ सगळं आलं. आणि राहायचं कशात? सैन्याने काढून टाकलेल्या तंबूंत! मला हसू आलं. आमचं फोर्ट विल्यमचं क्वार्टर म्हणजे तेच होतं की.

मानधनाबरोबर दोघांना तीन रात्री राहायचं आमंत्रण होतं. आई जाऊन चार वर्षं झालीत. मी बाबांना घेऊन गेले.

स्वागतकक्षात मनगटावर निळा पट्टा बांधला. "हा दाखवला की सगळं मिळेल, काका." बाबांनी हात फिरवून पट्टा नीट पाहिला आणि विचारलं, "आउटपास कुणाकडे मागायचा?" पहाटे पाचला उठून त्यांनी पलंगाची चादर घडी पडू न देता ताणून बसवली. खोली आवरायला आलेली बाई दारातच गोंधळली. नाश्त्याला बावीस पदार्थ होते. बाबांनी पोहे घेतले आणि ताटली स्वतःच उचलून न्यायला निघाले. ती घ्यायला धावलेल्या मुलाच्या बोलण्याचा हेल त्यांनी ओळखला. "बाडी कोथाय?" मुलगा हरखला. काँथीचा होता, दिघ्यापासून जवळच. दोघं बंगालीत बोलत राहिले. दिघ्याच्या हॉटेलात तो कधी राहिला नव्हता. "लोक छुटी घेऊन आमच्या समुद्रावर येतात," तो म्हणाला, "आणि आम्ही कामाला तुमच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खोलीत नव्हते. तरणतलावावर नव्हते, बागेतल्या झोपाळ्यांवर नव्हते. कुंपणापलीकडे किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीने जाळं लांबवर फेर धरून टाकलं होतं आणि त्याच्या दोन टोकांचे दोर दोन रांगा ओढत होत्या. डाव्या रांगेत, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे माझे बाबा. मी ओरडणार होते. पण त्यांच्या पुढे एक शाळकरी पोरगा होता, मागे एक म्हातारी, आणि सगळे एका लयीत मागे सरकत होते. माझीही चप्पल निघाली.

जाळ्यात पेडवे आणि थोडे बांगडे आले. यांत्रिक जाळ्यांपुढे रापणीला आता पूर्वीसारखं मिळत नाही, असं कुणीतरी म्हणालं. तरी रीत मोडली नव्हती. दोराला ज्याने हात लावला, त्याला मूठभर का होईना मासळी. बाबांना आठ पेडवे मिळाले. मनगटावरचा पट्टा कुणी पाहिलाही नाही.

बाहेरचं काही स्वयंपाकघरात चालत नव्हतं. बाबांनी मासे काँथीच्या मुलाला दिले. रात्री त्याने हळूच सांगितलं, पोरांच्या खोलीवर मोहरी वाटून केले होते.

मी परत येऊन मजकूर पुरा केला. 'ऑल-इन्क्लुझिव्ह'ला 'सगळं धरून' असं लिहिलं, भाडं ठरवताना आई हेच विचारायची, "दिवाबत्ती धरून ना?" छापून आलं तेव्हा तिथे देवनागरीत 'ऑल-इन्क्लुझिव्ह'च होतं. त्यांचंही चुकलं नाही. 'धरणं' म्हटलं की कुणाचा तरी हात आला, आणि विकायचं होतं ते हात दिसू नयेत असं काहीतरी.

निघताना पट्टा कात्रीने कापला, तेव्हा बाबांचे तळहात मला दिसले. दोराने दोन ठिकाणी सोलले होते. घरी पोचेपर्यंत ते गाडीत गाढ झोपले. अंगणात उतरल्यावर त्यांनी छपराकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला, आता कौलं बघू."