पडद्यावरचे ब्याऐंशी

ब्लूटूथच्या उपकरणाला एकदा नोटिफिकेशन चालू करायला सांगितलं की आपलं काम संपलं, असं मी अनेक वर्षं मानत होतो. नवा आकडा आला तर दाखवायचा, नाही आला तर जुना तसाच राहू द्यायचा. हाताखालच्या मुलांनाही मी हेच शिकवलं.

बाबांच्या बायपासनंतर हे मत टिकलं नाही. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं होतं. छातीला नाडी मोजणारा पट्टा बांधून ते चालायचे आणि आकडा मी लिहिलेल्या ॲपवर दिसायचा. एका संध्याकाळी ते गच्चीवर जाऊन आले. फोन स्वयंपाकघरात होता. पडद्यावर ‘जोडलेले’ आणि खाली 82. मी निर्धास्त होतो. बाबा खुर्चीत टेकत म्हणाले, “अरे, मला धाप लागलीय आणि हे अजून ब्याऐंशीच कसं दाखवतंय?” मनगट धरून मोजलं तर ठोके एकशे दहाच्या वर होते.

रात्री कोड उघडला. गच्चीवर जाताना कनेक्शन तुटलं होतं आणि ते खाली आल्यावर ॲपने आपणहून परत जोडलं होतं. पण नोटिफिकेशन हवी हे पट्ट्याच्या 2902 क्रमांकाच्या डिस्क्रिप्टरमध्ये लिहून सांगावं लागतं, आणि उपकरण पेअर केलेलं नसेल तर कनेक्शन तुटताच ती नोंद पुसली जाते. मी ती पुन्हा लिहिलीच नव्हती. अँड्रॉइडची नोटिफिकेशन चालू करण्याची आज्ञा मात्र दिली होती, पण ती फक्त फोनच्या बाजूची तयारी करते. पट्ट्याला त्याचा पत्ताही नसतो. कनेक्शन शाबूत, आकडा मात्र एकही येत नव्हता.

ही चूक दोन ओळींत सुटली. मत बदललं ते त्यानंतर. पोच मागणारं इंडिकेशन वापरावं, असं आधी वाटलं. पण जो आकडा पाठवलाच नाही त्याची पोच कोण कोणाला देणार? कनेक्शन तुटल्याचं कळण्यावरही विसंबता येत नाही. ठरवलेल्या मुदतीनुसार ते कळायला 32 सेकंदांपर्यंत लागू शकतात. शिवाय नाडीच्या प्रत्येक नोटिफिकेशनच्या पहिल्याच बाइटमध्ये, पट्टा त्वचेला टेकला आहे की नाही हे सांगणारे दोन बिट असतात. मी ते कधी वाचलेच नव्हते.

आता प्रत्येक आकड्यासोबत तो आल्याची वेळ ठेवतो. पट्टा साधारण दर सेकंदाला बोलतो. पाच सेकंद काही आलं नाही की आकडा काढून तिथे रेघ दाखवतो. दर वेळी कनेक्शन जुळल्यावर डिस्क्रिप्टर नव्याने लिहितो आणि पहिला आकडा येईपर्यंत ‘जोडलेले’ म्हणत नाही.

माझ्याकडून जे हे काम शिकले, त्यांनी आपला कोड आजच उघडून पाहावा. नोटिफिकेशन थांबल्यावर तुमचा पडदा काय दाखवतो, ते उपकरण दूर नेऊन, परत आणून स्वतः तपासा.