चुक्की

२०२५ च्या एप्रिलमध्ये मुलगा, सून आणि नातू बंगळूरहून गाडी करून आले, ते निरोप घ्यायला. मुलाला मेलबर्नला नोकरी लागली होती. गाडीतून आधी बॅगा उतरल्या, मग नातू उतरला. त्याच्या हातात जाळीची पेटी होती आणि पेटीत मांजर. सोन्याच्या रंगावर काळपट तपकिरी ठिपके, पोट पांढुरकं, शेपटीचं टोक काळं. बिबट्याचं पिल्लूच म्हणावं. मी दोन पावलं मागे सरले.

"अत्ती, थोडे दिवस हिला ठेवून घ्या," सूनबाई म्हणाली. ती धारवाडची. माझ्याशी मराठी बोलते, पण अडचणीची गोष्ट असली की आवाज कानडी होतो. ऑस्ट्रेलियाने २०२५ च्या मार्चपासून या जातीची मांजरं देशात आणायलाच बंदी केली आहे. तिकडच्या पक्ष्यांना आणि लहान प्राण्यांना धोका नको म्हणून. म्हणजे 'थोडे दिवस' कसले, ते मला त्याच क्षणी समजलं. नातू मात्र आठ वर्षांचा. त्याला ते कोणी सांगितलं नव्हतं.

नाव चुक्की. कानडीत चुक्की म्हणजे ठिपका आणि चांदणीसुद्धा. नाव त्यानेच ठेवलेलं.

जातीचं नाव बेंगाल. शेजारच्या काकूंनी लगेच विचारलं, "बंगालची आहे, मग मासे लागत असतील!" तसं काही नाही. बिबट्यासारखे ठिपके असलेलं एक छोटं रानमांजर असतं, आपल्या सह्याद्रीच्या रानातही ते आहे. त्याच्या शास्त्रीय नावात 'बेंगालेन्सिस' आहे, त्यावरून हे नाव पडलं. अमेरिकेत जीन मिल नावाच्या बाईंनी १९६३ मध्ये अशा एका रानमांजरीचा घरच्या काळ्या बोक्याशी संकर केला. त्या काळी तिकडे ही रानमांजरं दुकानात विकत मिळत. पुढे पतीच्या निधनामुळे त्यांचं काम थांबलं. १९८० च्या सुमारास डॉ. विलर्ड सेंटरवॉल मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करत होते. त्यांनी असेच संकर केले होते. त्यांच्याकडची पिल्लं बाईंनी घेतली आणि काम पुन्हा सुरू झालं. अडचण अशी की पहिल्या दोन-तीन पिढ्यांतल्या नरांना बहुधा प्रजा होत नाही. त्यामुळे बाहेरून चांगले बोके आणणं भागच होतं.

आणि इथे गोष्ट आपल्या देशात येते. १९८२ मध्ये या बाई दिल्लीला आल्या असताना तिथल्या प्राणिसंग्रहालयात, गेंड्याच्या आवारात, त्यांना एक भटका बोका दाखवण्यात आला. नारिंगी अंगावर गडद ठिपके. त्याला त्यांनी अमेरिकेला नेलं, नाव ठेवलं 'टोरी ऑफ दिल्ली'. बेंगालच्या केसांवर उन्हात सोनेरी चूर्ण शिंपडल्यासारखी जी चमक दिसते, ती या बोक्याकडून आलेली आहे असं मानतात. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या मांजर-संघटनेने या जातीची नोंद केली, १९९१ पासून तिला तिथल्या स्पर्धांत अजिंक्यपदासाठी उतरता येऊ लागलं. जीन मिल २०१८ मध्ये वारल्या.

मुलाने हिच्यासाठी तीस हजार मोजले होते. हे ऐकून मी दोन दिवस धड जेवले नव्हते. गेंड्याच्या आवारातल्या भटक्याची खापरपणती, वंशावळीचा कागद घेऊन आमच्या शहापूरच्या घरात! आमच्या आईच्या काळात मांजर दुधावर नि उंदरांवर जगत असे, त्याला कोणी पैसे देत नसे.

पहिले आठ दिवस तिने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. "ये ये" केलं तरी कान हलत नसे. मग एकदा वैतागून मी म्हटलं, "बा इल्लि!" आणि बाईसाहेब उठून आल्या. तिला मराठी येतच नव्हती! घरात ती आई-लेकाची कानडीच ऐकत वाढलेली. मला हसू आलं आणि थोडं टोचलंही, कारण नातूही माझ्याशी मराठीत दोन वाक्यांपलीकडे जात नसे.

स्वभाव म्हणाल तर अवखळ. पाण्याचं वेड. हंड्यात पंजा घालून पाणी उडवते, नळ गळत असला तर तासभर तिथेच. फ्रीजवरून कपाटावर, कपाटावरून माझ्या पाठीवर. आवाज असा की गल्लीला कळावं. एकटं राहणं तिला सोसत नाही. मलाही फारसं नाही, पण मी ओरडत नाही एवढंच.

आषाढातल्या एका रात्री वीज गेली. मी मेणबत्ती शोधत होते, मागचं दार उघडं राहिलं. साडेबारापर्यंत मी छत्री घेऊन गल्लीत "चुक्की, बा इल्लि" करत फिरत होते. भटकी कुत्री भुंकत होती. पोराला काय सांगायचं, एवढंच डोक्यात. शेवटी फोन लावला. तिकडे पहाटेचे पाच. मुलगा झोपेत चिडला, "आई, एवढंसं दार..." पण तेवढ्यात नातवाने फोन घेतला.

"अज्जी, स्पीकर लाव."

लावला. तो हाका मारू लागला, रडत, कानडीतच. तीन-चार हाकांनंतर पलीकडच्या गोठ्याच्या पत्र्यावर खडखडलं. भिजून निम्मी झालेली चुक्की भिंतीवरून उतरली आणि फोनला नाक लावून बसली.

"आली रे," मी म्हटलं.

तो बराच वेळ बोलला नाही. मग मराठीत म्हणाला, "आजी, ती इथे कधीच येणार नाही ना?"

मी खरं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गॅलरीला आणि मागच्या दाराला जाळी बसवून घेतली. बावीसशे रुपये झाले. मुलगा पैसे पाठवतो म्हणाला, मी नको म्हटलं. आता रोज दुपारी फोन येतो तेव्हा ती माझ्या आधी मोबाईलपाशी जाऊन बसलेली असते.