भिंतीची जाडी

बर्मिंगहॅमला मुलाकडे गेलो की दुपार कशी काढायची, हा माझ्यापुढचा नेहमीचा प्रश्न. गेल्या खेपेस तो आपोआप सुटला. चिरंजीवांनी एक जुनी मिनी मोटार विकत घेतली होती आणि घरामागच्या गॅरेजात तिचे सर्व अवयव सुटे करून मांडले होते. जवळच शेल्स्ली वॉल्श येथे 1905 पासून टेकडीवर मोटारी पळवण्याच्या शर्यती होतात. हजार यार्डांच्या त्या चढावर ही चिमुकली गाडी घेऊन उतरायचे, असा त्याचा संकल्प होता. त्यासाठी इंजिन नव्याने बांधायचे होते, आणि सगळे घोडे अडले होते ते ब्लॉकपाशी.

इंजिनाचे बाकीचे सगळे बदलता येते. पिस्टन, क्रँक, व्हॉल्व्ह, सारे विकत मिळते. ब्लॉक मात्र एकदाच ओतलेले बीड. त्यातून धातू काढता येतो, परत घालता येत नाही.

मिनीचे ए-सिरीज इंजिन प्रथम 1951 साली ऑस्टिन ए-30 या गाडीत आले, तेव्हा ते अवघे 803 सी.सी.चे होते. 1959 च्या पहिल्या मिनीत ते 848 झाले. पुढे शर्यतींचा हव्यास सुरू झाला. तेवढ्याच लांबीच्या ब्लॉकमध्ये मोठे सिलिंडर बसवायचे, तर जागा आणायची कोठून? तेव्हा कूपर एस या गाडीसाठी कडेचे दोन सिलिंडर बाहेर सरकवले आणि मधले दोन एकमेकांजवळ आणले. चाळीतल्या एका खोलीत दोन बिऱ्हाडे बसवावीत, तसा हा प्रकार. व्यास 70.6 मि.मी. झाला. 1963 साली आलेल्या या रचनेच्या 1071 सी.सी. इंजिनावर पॅडी हॉपकर्कने 1964 ची माँटे कार्लो रॅली जिंकली. पण त्या दाटीची किंमत आजही मोजावी लागते. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधली पट्टी इतकी अरुंद आहे, की गॅस्केट जळते ते बहुधा तेथेच.

आमच्यापुढे तीन ब्लॉक होते. एक गाडीचा स्वतःचा, 998 सी.सी.चा. त्याचा व्यास 64.58 मि.मी., त्यामुळे मोठ्या व्हॉल्व्हला वाव कमी. घरच्या माणसाप्रमाणे तो भरवशाचा, पण शर्यतीचा नव्हे. दुसरा अस्सल कूपर एसचा, एका संग्राहकाकडचा. त्याची किंमत ऐकून मी पाणी मागितले. शिवाय ज्या ब्लॉकला हत्यार लावताना हात कापेल, तो शर्यतीच्या काय कामाचा? तिसरा मोडीतल्या मेट्रो गाडीतला, 1275 सी.सी.चा. 1980 साली मेट्रोबरोबर ए-प्लस नावाची सुधारलेली जात आली. तिच्या ब्लॉकला बाहेरून जादा फासळ्या दिलेल्या आहेत आणि थोड्या फेरफारानंतर तो मिनीत बसतो. दिसायला गंजका, तेलकट, कोणी उचलून नेणार नाही असा. माझे मत पडले ते यालाच. आयुष्यभर निविदा वाचलेल्या माणसाला सर्वांत स्वस्त बोलीचा सहसा संशय येतो. येथे आला नाही.

खरा वाद पुढेच होता. हा ब्लॉक बोअर किती करायचा? मुलाच्या मनात 73.5 मि.मी. होते. त्याने इंजिन 1380 सी.सी.चे होते आणि चढावर त्याचा जोर कळतो. मी म्हणत होतो, पहिलेच माप घे, 71.12. म्हणजे सुमारे 1293 सी.सी. त्यात प्रत्येक बाजूचे पाव मिलिमीटरच बीड जाते आणि पुढची दोन मापे शिल्लक राहतात. 73.5 मध्ये प्रत्येक बाजूचे जवळजवळ दीड मिलिमीटर जाणार. ओतकामात साच्याचा गाभा जरासा सरकलेला असला, की एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी पातळ निघते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी ध्वनिलहरींनी जाडी मोजणारे यंत्र असते. वर्कशॉपवाल्याने ते लावून पाहिले. तिसऱ्या सिलिंडरची एक बाजू पातळ निघाली. “होईल बहुतेक,” तो म्हणाला.

“बाबा, ‘बहुतेक’ म्हणजे चालेल,” मुलगा म्हणाला.

हा शब्द मी पूर्वी ऐकला होता.

1996 साली बडोद्यात आमच्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी होती. तेल जाळायला लागली, म्हणून इंजिन उघडले. मिस्त्री म्हणाला, साहेब, स्लीव टाकून पुन्हा स्टँडर्ड पिस्टन बसवू. त्यात खर्च जास्त. मी विचारले, शेवटच्या मापाचे पिस्टन टाकून निभेल का? तो म्हणाला, बहुतेक. मी ते केले. मे महिन्यात भाच्याच्या मुंजीला नाशिकला निघालो आणि सापुताऱ्याच्या घाटात गाडी वाफा सोडत बंद पडली. रेडिएटर कोरडा. रोज सकाळी त्यात पाणी भरण्याचे काम आठ वर्षांच्या मुलाकडे होते. भर रस्त्यात, आईदेखत, मी त्याला नको ते बोललो. एस.टी.ने पोचलो, तेव्हा मामावाचून मुहूर्त टळून गेला होता आणि ताईला मी कारण सांगितले तेही मुलाचेच.

पुढे हेड उघडल्यावर मिस्त्रीने मला सिलिंडरच्या भिंतीवरची केसासारखी चीर दाखवली. पाणी तेथून आत जात होते. मी ते घरी कोणाला सांगितले नाही. गाडी मोडीत दिली.

गॅरेजात त्या मेट्रोच्या ब्लॉकजवळ उभे राहून हे सारे मी मुलाला सांगितले. एकोणतीस वर्षांनी. तो कापडाने हात पुसत राहिला.

“पाणी मी भरलं होतं बाबा,” तो म्हणाला. “तोंडापर्यंत. मला माहीत होतं.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“बोललो होतो. घाटात. दोनदा.”

मला ते आठवत नव्हते. अजूनही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी तो ब्लॉक गाडीच्या डिकीत चढवला. वर्कशॉपवाल्याने माप विचारले. मी काही बोललो नाही, दाराशी उभा राहिलो. मुलाने एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला: 71.12.