झाड गेल्यानंतरची पेरणी

न्यू जर्सीत ज्यांच्या अंगणात ॲशचं झाड होतं, त्यांतल्या बऱ्याच जणांना ते पाडून घ्यावं लागलंय. एमराल्ड ॲश बोरर हा आशियातून आलेला हिरवा, चकाकता भुंगेरा जेमतेम अर्ध्या इंचाचा. २००२ साली तो डेट्रॉइटजवळ सापडला आणि २०१४ साली आमच्या सॉमरसेट काउंटीत. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पाडत जातात, झाडाचं अन्नपाणी तुटतं आणि ते शेंड्याकडून वाळत येतं. सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची बारीक भोकं दिसली की समजायचं. मेलेल्या ॲशचं लाकूड फार ठिसूळ होतं, फांद्या कधी कोसळतील याचा नेम नसतो, त्यामुळे घराजवळचं झाड तसंच उभं ठेवता येत नाही.

मी रटगर्स विद्यापीठाच्या मास्टर गार्डनर उपक्रमात स्वयंसेवक आहे. ऑगस्ट सरत आला की हेल्पलाइनवर एक तक्रार हमखास येते. झाड काढलं, बुंधाही यंत्राने दळून घेतला, बी टाकलं, ते उगवलं आणि मग पिवळं पडून गेलं. आता कुठलं भारी बी आणू? बियाण्याचा दोष क्वचितच असतो. दोष खालच्या भुशाचा असतो.

बुंधा दळणारं यंत्र जमिनीखाली सहा ते बारा इंच जातं. मागे उरतो लाकडाचा चुरा आणि माती यांचा फुगलेला ढीग. यंत्रवाले बहुतेक वेळा तोच खड्ड्यात लोटतात, वर चार बोटं माती पसरतात आणि पैसे घेऊन जातात. दिसायला झकास दिसतं. पण लाकडात कार्बन नायट्रोजनच्या शेकडो पट असतो. ते कुजवायला बसलेली बुरशी आणि जिवाणू आपली नायट्रोजनची गरज आसपासच्या मातीतून भागवतात आणि गवताची कोवळी मुळं उपाशी राहतात. भुसा कुजत जातो तशी जागाही खचते आणि पुढच्या वर्षी तिथे पाणी साचतं.

तेव्हा पहिलं काम फावड्याचं. भुसा उपसायचा, निदान खालची तांबूस-काळी माती दिसेपर्यंत. हाताला लागतील ती जाडजूड मुळं कापून काढायची. लांबवर गेलेल्यांच्या मागे लागू नये. ती जमिनीतच कुजतील, कुठे कुठे छत्र्या उगवतील, त्यांनी गवताचं काही बिघडत नाही. मग चांगली माती भरायची, पण एकदम नाही. चार-सहा इंचांचा थर, तो पायाने तुडवायचा, मग पुढचा थर. शेवटी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा बोट-दोन बोटं उंच ठेवून एखादा पाऊस पडू द्यायचा. ओली माती खणू नये आणि तुडवू नये. मुठीत दाबून लाडू वळला आणि बोटाच्या टिचकीने तो फुटला तर वाफसा आलाय. टिचकीने नुसता दबला तर एक दिवस थांबावं. ही परीक्षा मी सोलापूरकडे शिकले, इथे ती तशीच लागू पडते. तिकडचे आमचे मामा एकदा इथे राहायला आले होते. जन्मभर शेतातली हरळी खणून काढलेला माणूस. माझी खटपट बघून म्हणाले, "अगं, शेवटी कापूनच टाकायचं, तर पेरतीस कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही.

माती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. इकडच्या मातीचा कल आम्लतेकडे असतो, गवताला साधारण सहा ते साडेसहा सामू मानवतो, आणि चुना टाकायचाच असेल तर तो खणतानाच मिसळलेला बरा. आमच्याकडे २०११ सालच्या कायद्याने लॉनच्या खतातल्या फॉस्फरसवर बंधन आहे. नवी पेरणी आणि तपासणीत निघालेली कमतरता एवढीच सूट. १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात घरमालकाला लॉनला खतच घालता येत नाही. ज्यांची पेरणी ऑक्टोबरअखेर लांबते ते इथे अडकतात.

पेरणीचा काळ म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. उन्हाळाभर तापलेली जमीन अजून ऊबदार असते, हवा मात्र निवलेली, म्हणून बी झटपट रुजतं आणि कोंब करपत नाही. क्रॅबग्रास हे इथलं छळवादी तण पहिल्या कडक थंडीत आपोआप मरतं. वसंतात पेरलं तर त्याच्याशीच झुंजावं लागतं.

बी निवडताना लोक जुन्या सावलीचं धरून बसतात. झाडाखाली फाइन फेस्क्यू होतं म्हणून पुन्हा तेच आणतात. झाड गेलं, आता तिथे दिवसभर ऊन आहे! अशा जागी टॉल फेस्क्यू, त्यात वजनाने दहावा हिस्सा केंटकी ब्लूग्रास, हा मेळ मला पटतो. हजार चौरस फुटांना सहा ते आठ पाउंड पुरे. रायग्रास आठवड्याभरात हिरवं होतं, म्हणून उतावळ्यांना आवडतं. ब्लूग्रास दोन ते चार आठवडे घेतं. रायग्रासचं प्रसिद्ध 'मॅनहॅटन' वाण रटगर्सच्या रीड फंक यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या जुन्या हिरवळीतून वेचलेल्या रोपांपासून तयार केलं आणि १९६७ साली ते बाहेर आलं. गर्दीने तुडवलेल्या जमिनीवर टिकून राहिलेलं गवत हेरायला नजर लागते. दुकानात पिशवीच्या दर्शनी बाजूचं चित्र सोडा, मागचं लेबल वाचा. तणाच्या आणि इतर पिकांच्या बियांची टक्केवारी शून्याजवळ हवी.

बी उभं-आडवं दोनदा फेकायचं, दाताळ्याच्या पाठीने हलकेच मातीत घोळायचं, पाव इंचापेक्षा खोल नको, मग रिकामा रूळ फिरवायचा. वर गव्हाचा पेंढा विरळ पसरायचा. वाळलं गवत नको, त्यात तणाचं बी असतं. उगवेपर्यंत दिवसातून दोन-तीनदा नुसतं शिंपडायचं, नंतर पाळी लांबवून पाणी खोल द्यायचं. शेजाऱ्याच्या मेपलची पानं पडू लागली की ती रोजच्या रोज हलक्या हाताने उचला. ओल्या पानांखाली कोवळं गवत दोन-तीन दिवसांत पिवळं पडतं.

पुढच्या वर्षी जागा थोडी खचेलच. तेव्हा थोडी थोडी माती टाकून पातळी साधा. आणि झाड पाडायचा भाव ठरवताना भुसा उचलून न्यायचा, खड्डा रिकामा सोडायचा, एवढं कागदावर लिहून घ्या. खणण्याआधी ८११ ला फोन करायचं विसरू नका. गॅसची आणि विजेची लाइन कुठे आहे ते फुकटात आखून देतात.