ऐंशीची पाटी

आमच्या घरात गाडीचा वेग हा पोटाचा विषय आहे. माझा थोरला भाऊ ट्रकचालक. त्याच्याच कमाईवर मी या महाविद्यालयाची पायरी चढले. त्यामुळे 'वेगमर्यादा फार कमी ठेवलीय' ही त्याची तक्रार मी आजवर निमूटपणे ऐकत आले. यंदा मात्र मनात आले, एकदा हिशेब तरी करून पाहावा.

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा झाला. आपल्या जिल्ह्यात तो कोपरगाव तालुक्यातून जातो. तेथे सपाटीवर मोटारींना ताशी १२० ची मुभा, तर अवजड गाड्यांना ८० ची. दादा म्हणतो, "आरशासारखा रस्ता, अन् ऐंशीनं जायचं? झोप येती गं!" त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? त्या रस्त्यावर दुचाकी नाही, बैलगाडी नाही, आडवा चौक नाही. रात्री अशा एकसुरी रस्त्यावर डोळ्यांवर झापड येणारच.

पण भरलेला ट्रक म्हणजे मोटार नव्हे. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागते, हे आपण शाळेत शिकलो. (तेव्हा ते केवळ गुणांपुरते होते!) ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर, पाय ब्रेकवर जाईतो तेवढी वाट संपलेली असते. आणि लाभ किती? शिर्डी ते आमणे सुमारे १८० किलोमीटर. ८० च्या वेगाने सव्वादोन तास, १०० च्या वेगाने एक तास ४८ मिनिटे. फरक सत्तावीस मिनिटांचा. वाशीच्या बाजारात गाडी खाली व्हायला त्याहून अधिक वेळ जातो, हे दादानेच मला सांगितलेले.

परतताना तो शिर्डीजवळ समृद्धी सोडून नगर-मनमाड रस्त्याला लागतो. वाचकहो, या रस्त्याचे वर्णन आपल्यापैकी बहुतेकांना करून सांगायला नको. खड्डे चुकविणारे दुचाकीस्वार, शिर्डीला निघालेले पायी भक्त, आणि गळीत हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या. कित्येकींच्या मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. समृद्धीवरून उतरलेल्या पायाला येथे ताशी साठसुद्धा रांगल्यासारखे वाटते. पण आमची वस्ती याच रस्त्याला आहे. माझी आई रोज पहाटे दुधाची किटली घेऊन तो ओलांडते आणि पलीकडच्या डेअरीवर जाते. तिला ते साठ कसे दिसत असतील? मर्यादा कमी की जास्त, हे गाडीच्या काचेतून पाहून ठरवायचे की रस्त्याच्या कडेला उभे राहून? समृद्धीवरच्या ऐंशीबद्दल दादाशी मी एकवेळ वाद घालीन. राहुरीच्या अलीकडे मात्र मला त्याचे काहीएक ऐकायचे नाही.

हा सारा हिशेब मी दिवाळीत त्याच्यापुढे मांडला. आई भाकरी थापत ऐकत होती. दादा रागावला नाही. म्हणाला, "सत्तावीस मिनिटं मला नकोतच. पण माल संध्याकाळी उशिरा भरून देत्यात, अन् पहाटेच्या बाजाराला भाजी पोचली नाही की भाव पडतो. मग मालक माझ्या पगारातनं कापतो. पाटीवरचा आकडा बघून कुणी माल भरतं का? हे मालकाला कोण सांगणार, तू?"