टॅक्सीचे चित्र

धर्मगुरूच्या टेबलावर मोटारींची चित्रे काय करतात, असा प्रश्न आमच्याकडे येणाऱ्या अनेकांना पडतो. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वहीच्या समासात आम्ही मोटारी काढीत असू. पन्नाशी उलटली तरी ती खोड सुटलेली नाही. जाणकार मंडळी १९३० पर्यंतच्या मोटारींनाच ‘व्हिंटेज’ म्हणतात. आमची आवड तितकी खानदानी नाही. आम्हांला काढावीशी वाटते ती मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी. इटलीच्या फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उठली. आमच्या वडिलांनी आयुष्यभर टॅक्सीच चालविली. त्यांच्या पद्मिनीचे एकही छायाचित्र घरात नाही.

मोटार काढणे दिसते तितके सोपे नव्हे. सारी अडचण चाकांत असते. तिरकस पाहिले की चाकाचे लंबवर्तुळ होते आणि त्याचा आखूड अक्ष गाडीच्या आसाच्या रेषेतच पडावा लागतो. तो किंचित ढळला की गाडी खड्ड्यात रुतल्यासारखी दिसते. (आमच्या कितीतरी गाड्या अशा रुतलेल्या आहेत!) म्हणून आम्ही आधी चाक काढतो आणि त्याच मापाने उरलेली गाडी मोजतो. पद्मिनीच्या दोन आसांमधील अंतर २३४० मिलिमीटर, म्हणजे बाजूने पाहता जवळजवळ चार चाके. मग पुढच्या दारातली ती त्रिकोणी काच, मागे माशाच्या परासारखे उचललेले काठ.

गेल्या वर्षी भाच्याने टॅबलेट आणून दिला व ‘प्रोक्रिएट’ शिकविले. त्यात ओबडधोबड लंबवर्तुळ काढून लेखणी क्षणभर तशीच दाबून धरली की ते आपोआप सुडौल होते. दोन बोटे टेकविली की चुकलेली रेघ नाहीशी होते. एका थरावर छायाचित्र ठेवावे आणि वरच्या थरावर गिरवावे. तासाभरात निर्दोष पद्मिनी तयार झाली. आम्ही हरखलो, हे कबूल करतो. पण ती कोणाचीही पद्मिनी होती. वडिलांची काढायची तर गिरवायला काहीच नव्हते. आम्ही पुन्हा कागद घेतला.

डाव्या बाजूला काचेबाहेर बसविलेल्या मीटरपाशी पेन्सिल थांबली. त्याचा झेंडा वर काढावा की खाली? आम्ही सेमिनरीत निघालो त्या दिवशी वडिलांनी आम्हांला माहीमहून बोरीबंदरला टॅक्सीनेच पोहोचविले होते. थोरल्या मुलाने बॅज काढावा, गाडी सांभाळावी, ही त्यांची इच्छा. ती मोडून आम्ही निघालो होतो. झेंडा वर असता तर रस्त्यात लोकांनी हात केले असते, म्हणून त्यांनी मीटर पाडला. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. आकडा मात्र फिरत राहिला. स्थानकावर उतरताना त्यांनी आमच्याकडे पाहिले, मीटरकडे पाहिले आणि झेंडा वर केला. हसले की नाही, ते आजही सांगता येत नाही.

आम्ही झेंडा वर काढला, खोडला, खाली काढला. खोडरबर कितीही घासले तरी पहिली रेघ कागदातून जाईना. भाचा म्हणाला, “फादरमामा, टॅबलेटवर दोन थर करा, हवा तो दाखवा.” तेही करून पाहिले. एक थर लपविला की टॅक्सी बोरीबंदरला पोहोचलेली, दुसरा लपविला की अजून वाटेत.

नाताळात धाकट्या बहिणीने दोन्ही चित्रे पाहिली. टॅबलेट बाजूला ठेवून तिने कागद खिडकीपाशी नेला.

“टपावरचा कॅरिअर कुठे आहे?” ती म्हणाली. “तुझी ट्रंक बांधली होती ना वर. बाबांनी पहाटे उठून दोर आवळला होता.”

ट्रंक आम्ही साफ विसरलो होतो. टपाच्या वर कागदात बोटभरही जागा नाही. वरून एक पट्टी चिकटवावी लागणार.