खालचा रूळ

रजेवर भिलाईला आलोय. रात्री मार्शलिंग यार्डातल्या मालगाड्यांची धडधड घरापर्यंत येते आणि मला दिल्लीतली एक दुपार आठवते.

तेव्हा माझी पोस्टिंग दिल्लीत होती. आई-बाबा राहायला आले होते. चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात मी बाबांना हौसेने घेऊन गेलो. तिथे १८०४० क्रमांकाचं डिझेल इंजिन जपून ठेवलंय. डब्ल्यूडीएम-२ जातीतलं हे पहिलं, १९६२ सालचं, अमेरिकेच्या अल्को कंपनीचं. १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन. याच कंपनीने दुसऱ्या महायुद्धात शेरमन रणगाडेही बनवले होते, त्यामुळे फौजीला त्याचं जरा जास्तच कौतुक. पुढे १९६४पासून वाराणसीत ही इंजिनं बनू लागली आणि तीन दशकांहून अधिक काळ बनत राहिली.

माझं आणखी एक नातं होतं. एनडीएत दाखल व्हायला दुर्गहून आझाद हिंद एक्स्प्रेसने निघालो, तेव्हा मनमाडला विजेचं इंजिन काढून असंच डिझेल लावलं होतं. त्याचा घुमणारा आवाज ऐकत मी घर मागे टाकलं होतं. हे सगळं बाबांना सांगत होतो. वळून पाहिलं तर ते इंजिनाजवळ वाकून रूळ न्याहाळत होते.

“काय शोधताय बाबा?”

“इंजिन तं सारेच पाहतात. हा रूळ कुठला आहे, ते पाहून राहिलो.”

रुळाच्या अंगावर कारखान्याचं नाव आणि साल उठावाच्या अक्षरांत असतं. बाबांची सगळी नोकरी भिलाईच्या रेल मिलमध्ये, तीन पाळ्यांत गेली. पण रंगाच्या थरांखाली अक्षरं काही सापडली नाहीत. गुडघ्यावर हात टेकून ते उठले. “जाऊ दे. भार पेलतो ना, बस्स.”

वर्दी चढवल्यापासून देशसेवा म्हणजे आपण, असं माझ्या मनात कुठेतरी होतं. भारतीय रेल्वेला बहुतेक रूळ भिलाईच पुरवत आली आहे. ज्या रुळांवरून मी एकेका पोस्टिंगला गेलो, पलटणीचं सामान ज्यांवरून गेलं, त्यातले कित्येक बाबांच्या पाळीत लालबुंद होऊन बाहेर पडले असतील. मी कधी विचारलंच नव्हतं.

आता बाबा फारसे घराबाहेर पडत नाहीत. काल जेवणानंतर त्यांच्याजवळ खुर्ची ओढली आणि म्हटलं, “बाबा, रूळ बनतो कसा, सांगा ना.”

सांगता सांगता साडेअकरा वाजले.